घरीं बांधलेल्या बिनतारी यंत्राची श्रवणशक्ति

बोलणें आणि ऐकणें या दोन क्रियांपैकीं व्यवहारांत मान बोलण्याला मिळतो. बिनतारी विद्येंत मात्र अग्रपूजा ऐकण्याची आहे. ज्या यंत्राचा आवाज हजार मैल पोंचतो, परंतु ज्याच्या कानीं उलट आलेलें उत्तर पडत नाहीं, त्याची योग्यता श्रोत्यांचा प्रश्न न ऐकतांच व्यासपीठ सोडणाऱ्या वक्त्याइतकीच समजावी. स्वतःच्या हातानें असें यंत्र बांधणाऱ्या हौशी माणसाच्या वाट्याला पहिल्या दिवसांत हमखास येणारी तक्रार हीच असते. दिवा लागतो, स्पीकर बोलतो, आपला आवाज परगांवीं पोंचल्याची पावतीहि मिळते. पण दुसऱ्यांचे आवाज मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखे क्षीण येतात. हें क्षीणत्व कोठून येतें व त्याचा शोध कोणत्या क्रमानें घ्यावा, याचें विवेचन येथें करावयाचें आहे.

घरोघरीं असलेल्या रेडिओनें फक्त ऐकतां येतें. हौशी बिनतारीवाला, ज्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात, तो ऐकतो आणि बोलतोहि. भारतांत त्यासाठीं केंद्र सरकारची परीक्षा उतरून परवाना व स्वतःचें संकेतनाम मिळवावें लागतें. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणें हा गुन्हा आहे. या छंदांत द्रव्यप्राप्ति मुळींच नाहीं. परंतु संकटकाळीं त्याचें मोल कळून येतें. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप होऊन दळणवळण तुटलें, तेव्हां हौशी मंडळींनीं तेथून निरोप पोंचविले. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामी अंदमान बेटांवर आदळली, त्या वेळीं हौशी केंद्र चालविण्याच्या उद्देशानें श्रीमती भारती प्रसाद पोर्ट ब्लेअर येथें आधींच गेलेल्या होत्या. त्यांच्या केंद्रावरून बेटांतील माणसांचे निरोप मुख्य भूमीवर गेले. अशा प्रसंगीं बोलणारा मनुष्य पुष्कळदां मोटारीच्या बॅटरीवर आणि कशीबशी टांगलेल्या तारेवर बोलत असतो. त्याला आपला आवाज वाढवितां येत नाहीं. सारा भार ऐकणाऱ्याच्या यंत्रावर पडतो, आणि तेंच बहिरें असेल तर निरोप वाऱ्यावर विरून जातो.

या यंत्राला किती थोडक्यावर निर्वाह करावा लागतो याची कल्पना आधीं घ्यावी. हौशी लोक आलेल्या आवाजाचें बळ ‘एस’ नांवाच्या नऊ अंशांत मोजतात. लघुलहरींवर नववा अंश म्हणजे यंत्राच्या तोंडाशीं ५० मायक्रोव्होल्ट, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तोंडाशीं असलेला अडथळा ५० ओम धरला, तर ही शक्ति एका वॉटच्या दोन हजार कोटि भागांपैकीं एक भाग भरते. आणि इतका आवाज हौशी मंडळींत भरदार मानतात! खालच्या प्रत्येक अंशाला शक्ति चौपटीनें घटत जाते. खोलींत बरें ऐकूं यावें म्हणून स्पीकरला ५० मिलिवॉट द्यावयाचे ठरविलें, तर नवव्या अंशाचा आवाजहि शंभर कोटि पट वाढवावा लागतो. ही वाढ कोणा एका भागाचें काम नव्हे. पांचसहा टप्पे मिळून ती करतात. चाळींतील चौथ्या मजल्यावर नळाला पाणी बारीक येऊं लागलें, तर दोष टाकींत, मधल्या नळींत अथवा तोटींत कोठेंहि असूं शकतो. टाकी मोठी बांधल्यानें तुंबलेली तोटी मोकळी होत नाहीं. बिनतारी यंत्राचेंहि तसेंच आहे.

उदाहरणासाठीं हैदराबादचे अश्हर फरहान यांनीं या शतकाच्या आरंभीं रचलेलें ‘बिटएक्स’ हें यंत्र घ्यावें. बाजारांत सहज मिळणाऱ्या स्वस्त ट्रान्झिस्टरांवर आधारलेली ही रचना त्यांनीं सर्वांसाठीं खुली ठेवली, आणि भारतांत व परदेशांत अनेक हौशी मंडळींनीं ती घरीं बांधली. तिचें मूळ रूप १४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारें वीस मीटर लांबीच्या लहरींसाठीं आहे. एरिअलमधून आलेली लहर प्रथम कॉइल व कंडेन्सर यांच्या चाळणींतून जाते. नको असलेल्या लहरी तेथें अडतात. मग ती थोडी वाढविली जाऊन चार डायोडांच्या मिक्सरमध्यें शिरते. यंत्राच्या पोटांतील एक आंदोलक तेथें सुमारें ४ मेगाहर्ट्झची लहर पुरवितो, आणि दोहोंच्या वजाबाकीनें १० मेगाहर्ट्झची नवी लहर निघते. दुसरें केंद्र लावावयाचें म्हणजे आंदोलकाची लहर बदलावयाची. वजाबाकी मात्र नेहमीं दहाच ठेवावयाची. अशी वजाबाकी करून घेण्याची ही युक्ति एडविन आर्मस्ट्राँग यांनीं १९१८ सालीं काढली. पुढें १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल रांगेंत बसवून केलेला फिल्टर एका माणसाच्या आवाजापुरताच पट्टा सोडतो. त्यानंतर पुन्हां वाढ होते. दुसरा आंदोलक त्या लहरींतून ऐकूं येणारा आवाज वेगळा काढतो. आणि शेवटीं आवाजाचा ॲम्प्लिफायर त्याला स्पीकरपर्यंत नेतो. या यंत्राचें वैशिष्ट्य हें कीं मिक्सर, फिल्टर व आंदोलक हे भाग ऐकतांना एका दिशेनें आणि बोलतांना उलट दिशेनें वापरले जातात. ही गोष्ट निदानाच्या कामीं फार उपयोगी पडते, हें पुढें दिसेलच.

आतां रोगाकडे वळावें. ‘आवाज क्षीण आहे’ या एका तक्रारींत दोन अगदीं भिन्न विकार दडलेले असतात, आणि त्यांची गल्लत झाली कीं पुढील सारे श्रम वायां जातात. पहिल्या विकारांत माणसाचा आवाज आणि पाठीमागची खरखर दोन्ही सारख्याच मंद असतात; कान स्पीकरला लावला तर शब्द स्पष्ट कळतो. दुसऱ्या विकारांत खरखर चांगली मोठी असते, परंतु शब्द तिच्यांत बुडालेला असतो. पहिल्याला मंदपणा म्हणावें, दुसऱ्याला बहिरेपणा. मंदपणाचें मूळ बहुधा यंत्राच्या मागच्या टप्प्यांत, स्पीकरच्या बाजूला असतें. बहिरेपणाचें मूळ पुढच्या टप्प्यांत, एरिअलच्या बाजूला असतें. याचें कारण सोपें आहे. प्रत्येक टप्पा आपली थोडी खरखर मिसळतो, आणि आधीं मिसळलेली खरखर पुढच्या सर्व टप्प्यांत वाढत जाते. म्हणून पहिल्या टप्प्यांनीं जें गमावलें तें शेवटच्या टप्प्यांना भरून काढतां येत नाहीं. हेराल्ड फ्रीस यांनीं १९४४ सालीं हा नियम गणितानें मांडला आणि आजहि ग्राहकयंत्रें त्याच्याच आधारें आंखलीं जातात.

दोन विकारांतील भेद ठरविण्याची कसोटी कोणत्याहि मापनयंत्राशिवाय करतां येते. यंत्र बॅटरीवर चालवावें, आवाजाची चावी नेहमींच्या जागीं ठेवावी, आणि एरिअल काढून तिच्या जागीं ५० ओमचा साधा रोधक जोडावा. स्पीकरांतील खरखर ध्यानांत घ्यावी. मग रोधक काढून एरिअल पुन्हां जोडावी. खरखर स्पष्टपणें वाढली तर यंत्र आकाशांतला गोंगाट ऐकूं शकतें, असा अर्थ झाला. आणि जें यंत्र तो गोंगाट ऐकतें त्याला त्याहून मोठा असा कोणताहि आवाज ऐकूं येईलच. खरखरींत फरक पडला नाहीं तर यंत्र बहिरें समजावें. ही कसोटी करतांना बोलण्याची कळ चुकूनहि दाबूं नये. लहानसा रोधक तात्काळ जळेल आणि प्रक्षेपणाच्या ट्रान्झिस्टरांसहि इजा होईल.

आकाशांतला गोंगाट ही केवळ बोलण्याची पद्धत नव्हे. बेल टेलिफोन प्रयोगशाळेचे कार्ल जान्स्की हे १९३० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत लघुलहरींवरील खरखरीचा शोध घेत होते. तिचे त्यांनीं तीन प्रकार पाडले: जवळच्या वादळांतील विजांची, दूरच्या वादळांतील विजांची, आणि एक मंद अखंड सुसकारा, जो दररोज सुमारें चार मिनिटें आधीं शिखरावर येई. ताऱ्यांचा उदय असाच रोज चार मिनिटें आधीं होतो. त्यावरून १९३३ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं हा सुसकारा आकाशगंगेंतून येतो. सारांश, लघुलहरींवर निसर्गाचाच गोंगाट इतका असतो कीं नीट बांधलेल्या यंत्राची स्वतःची खरखर त्याच्या खालीं राहते. त्या पातळीपर्यंत पोंचलेल्या यंत्राला अधिक ‘तीव्र’ करून कांहींच हातीं लागत नाहीं.

कसोटी उतरली आणि तरीहि दूरचीं केंद्रें ऐकूं येत नसलीं, तर दोष यंत्राबाहेर शोधावा. प्रथम वेळ पाहावी. १४ मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशांतील विद्युद्भारित थरांवरून परतून दूर जातात. त्या थरांना बळ सूर्यप्रकाशानें मिळतें. दिवसां हा पट्टा गजबजलेला असतो, आणि रात्रीं, विशेषतः सूर्यावरील डाग कमी असलेल्या वर्षांत, तो निर्जन होतो. हे डाग सुमारें अकरा वर्षांच्या चक्रानें कमीअधिक होतात. रात्रीं दहा वाजतां बांधणी पुरी करून लगेच यंत्राला नांवें ठेवणें, हा त्या बिचाऱ्यावर अन्याय होय. त्यानंतर एरिअल पाहावी. मध्यें तोडून दोन बाजूंस ताणलेली साधी तार या लहरींसाठीं एकूण सुमारें दहा मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस पांच मीटर असावी. गच्चीवरील जोड पावसानें गंजलेला असणें, अथवा केबलच्या टोंकाशीं आंतली तार सुटलेली असणें, हे नित्याचे प्रकार आहेत.

तिसरा शत्रु घरांतलाच असतो. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांपैकीं कित्येकांतून अखंड खरखर बाहेर पडते आणि एरिअलमध्यें शिरते. तिच्यामुळें वरील कसोटीहि फसते. कारण खरखर इतकी मोठी असते कीं अर्धबहिऱ्या यंत्रालाहि ती ऐकूं येते आणि तें पास झाल्याचा भास होतो. म्हणून एकदां घराचा मुख्य स्विच बंद करून कसोटी पुन्हां घ्यावी. स्विच बंद करतांच शब्द वर आले तर यंत्रास हात लावण्याचें प्रयोजन नाहीं. घरांतील एकेक वस्तु चालू करून अपराधी हुडकून काढावा.

यंत्रच दोषी ठरलें म्हणजे तपास आंत न्यावा. येथें बोलण्याची बाजू मोठी साक्ष देते. परवानाधारकानें एरिअलऐवजीं पुरेशा वॉटचा ५० ओमचा कृत्रिम भार जोडून थोडा वेळ बोलून पाहावें. ‘बिटएक्स’मध्यें मिक्सर, फिल्टर व आंदोलक दोन्ही कामांना समाईक आहेत. बोललेला आवाज पूर्ण शक्तीनें व स्वच्छ बाहेर पडत असेल, तर हे समाईक भाग बहुधा निर्दोष होत. मग संशय फक्त ऐकण्याच्या वाटेवरील ट्रान्झिस्टर, वाट बदलणारा रिले व आवाजाचा ॲम्प्लिफायर एवढ्यांवर उरतो. उलट दोन्ही बाजू दुबळ्या असतील तर समाईक भागच प्रथम धुंडाळावेत. एका प्रयोगानें अर्धें यंत्र संशयमुक्त होतें.

यापुढें स्पीकरकडून एरिअलकडे, असें उलट चालावें. आधीं मल्टिमीटरनें विजेचा पुरवठा तपासावा. ऐकतांना ऐकण्याच्या तारेवर पूर्ण १२ व्होल्ट आणि बोलण्याच्या तारेवर शून्य असावें. बोलण्याच्या तारेवर व्होल्ट दोन व्होल्ट राहिले तरी उलट दिशेचे ट्रान्झिस्टर अर्धवट जागे राहून आलेली लहर गिळतात. चालू स्थितींत सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेसवर एमिटरपेक्षां ०.६ ते ०.७ व्होल्ट अधिक असतात; तसें नसेल तो ट्रान्झिस्टर मेलेला, उलटा बसविलेला अथवा उपाशी समजावा.

नंतर आवाजाची चावी पूर्ण उघडून तिच्या मधल्या टोंकाला स्क्रूड्रायव्हरचें पातें बोटासह लावावें. यंत्र बॅटरीवरच असावें. स्पीकरांत मोठी घरघर उठली तर शेवटचा टप्पा ठीक आहे. घरघर मंद असेल तर एलएम ३८६ या चिपच्या भोंवतीं पाहावें. तिच्या पहिल्या व आठव्या पायांमध्यें १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असला तर ती व्होल्टेज २०० पट वाढविते. तो नसला किंवा त्याचा जोड सुटला तर फक्त २० पट. ही दहा पटींची तूट ‘एस’च्या मापानें तीन अंशांहून अधिक भरते. मंदपणाची कित्येक प्रकरणें या एका कंडेन्सरपाशीं निकालांत निघतात.

आवाजाचा टप्पा निर्दोष ठरला कीं १० मेगाहर्ट्झच्या भागाकडे सरकावें. येथें एका स्थिर लहरीची गरज भासते, कारण आकाशांतील आवाज क्षणोक्षणीं बदलतात आणि त्यांवरून केलेलें माप फसवें होतें. संगणकाच्या जुन्या पाट्यांवर १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल पुष्कळदां आढळतो, आणि तो नेमका हौशी पट्ट्यांत पडतो. एक ट्रान्झिस्टर व हा क्रिस्टल घेऊन केलेला लहानसा आंदोलक टेबलाच्या दुसऱ्या टोंकाला ठेवला, आणि यंत्राचा आंदोलक तेथपर्यंत फिरत असला, तर दिवसभर एकसारखी शिट्टी मिळते. त्याला एरिअल मात्र कधीं जोडूं नये.

शिट्टी फिल्टरच्या आधीं बरी आणि नंतर एकदम दुबळी होत असेल तर क्रिस्टलांकडे पाहावें. त्यांच्या कंपनसंख्या परस्परांशीं फार जुळत्या लागतात. एक कोटि कंपनांत शेंदोनशेंहून अधिक फरक असलेले क्रिस्टल एका रांगेंत बसविले तर फिल्टर सर्वच आवाज दाबतो. त्याचप्रमाणें दुसऱ्या आंदोलकाची लहर फिल्टरच्या पट्ट्याच्या अगदीं कडेला असावी लागते. ती कडेपासून दूर सरकली तर आवाजांतील खालचे भरदार सूर हरपून तो पत्र्याच्या डब्यांतून आल्यासारखा पातळ होतो, आणि ऐकणारा त्यालाच क्षीणपणा समजतो.

बहिरेपणाचें सर्वांत फसवें कारण मिक्सरपाशीं असतें. चार डायोडांचा मिक्सर स्वतः कांहींच वाढवीत नाहीं. नीट चालला तरी आलेल्या शक्तीचा चौथा-पांचवा हिस्साच पुढें देतो. परंतु एवढेंहि देण्यासाठीं आंदोलकाकडून त्याला सुमारें ५ मिलिवॉट लागतात. आंदोलक अशक्त असला तर डायोड पुरते उघडत नाहींत, आणि नुकसान अनेक पटींनीं वाढतें. यंत्र मुकें होत नाहीं, बंदहि पडत नाहीं. तें फक्त बहिरें होतें, आणि बांधणारा भलतीकडे शोधीत बसतो. एक डायोड, एक कंडेन्सर व एक रोधक यांचा लहानसा प्रोब करून मल्टिमीटरला जोडला म्हणजे आंदोलकाचें बळ मोजतां येतें. ५० ओमच्या भारावर ५ मिलिवॉट म्हणजे शिखरापर्यंत सुमारें ०.७ व्होल्ट; साध्या डायोडचा प्रोब त्यांतून आपला कर कापून घेतो, हें लक्षांत ठेवून आंकडा वाचावा.

मिक्सरजवळचे लहान ट्रान्सफॉर्मरहि तपासावेत. दोन किंवा तीन तारा एकत्र पिळून त्या फेराइटच्या कड्यावर गुंडाळतात. एका तारेची सुरुवात व शेवट यांची अदलाबदल झाली तर दोन अर्धे परस्परांना खोडतात. मल्टिमीटर अशा ट्रान्सफॉर्मरला बिनदोष ठरवितो, कारण तार तुटलेली नसते. तारेवरील इनॅमल नीट न खरवडतां सोल्डर केलें असेल तर जोड चकाकतो खरा, पण आंत स्पर्शच झालेला नसतो.

शेवटीं प्रवेशद्वार. चाळणींतील ट्रिमर स्थिर शिट्टीवर फिरवून आवाज सर्वांत मोठा होईल तेथें ठेवावेत. येथें एक खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ट्रिमर पूर्ण एक फेरा फिरवितांना आवाजाचें शिखर दोनदां आलें पाहिजे. एकदांच आलें तर ट्रिमर आपल्या मर्यादेच्या टोंकाला पोंचला आहे, आणि कॉइलचे वेढे कमी अथवा जास्त झाले आहेत. मग रिले पाहावा. बोलतांना त्याच्या संपर्कांतून वॉट वाहतात आणि ते मळाच्या पातळ थराला जुमानीत नाहींत. मायक्रोव्होल्टांना मात्र तोच थर भिंतीसारखा होतो. म्हणून बोलणें खणखणीत व ऐकणें मेलेलें, अशी विपरीत स्थिति झाली कीं रिलेवर हलकेच टिचकी मारावी. आवाज उसळून वर आला तर दोष सांपडला. संपर्क तारेनें तात्पुरता जोडून पाहावयाचा असेल तर प्रक्षेपणाचा पुरवठा आधीं तोडावा, आणि ती तार काढल्यावांचून बोलण्याची कळ दाबूं नये. नाहींतर प्रक्षेपणाची सारी शक्ति ग्राहकभागांत शिरेल.

एक साधी चूक कोणत्याहि टप्प्यांत घडूं शकते. कंडेन्सरवर छापलेला १०४ हा आंकडा म्हणजे दहावर चार शून्यें, अर्थात एक लक्ष पिकोफॅरड. १०१ म्हणजे दहावर एक शून्य, अर्थात शंभर. मंद उजेडांत दोन्ही सारखे दिसतात, पण त्यांत हजार पटींचें अंतर आहे. १० मेगाहर्ट्झला १०४ चा अडथळा ओमच्या पांचव्या-सहाव्या हिश्शाइतका, तर १०१ चा सुमारें १६० ओम. असा एक कंडेन्सर चुकला कीं त्या टप्प्याचें बळ निघून जातें, आणि बाहेरून सर्व कांहीं यथास्थित दिसतें.

इतका खटाटोप टाळण्यासाठीं पुष्कळजण एक सोपा मार्ग पत्करतात. एरिअल व यंत्र यांच्यामध्यें आणखी एक ॲम्प्लिफायर बसवावयाचा! स्पीकर गर्जूं लागतो, आणि काम झालें असें वाटतें. वस्तुतः शब्दाबरोबर गोंगाटहि तितकाच वाढलेला असतो. शिवाय शेजारच्या बलवान केंद्रांच्या भारानें मिक्सर गुदमरतो आणि पूर्वीं ऐकूं येणारे दुबळे आवाजहि नाहींसे होतात. ज्याच्या कानांत मळ आहे त्याच्यापुढें ओरडून बोलण्याचा हा प्रकार झाला. मोठा आवाज आणि स्पष्ट श्रवण या भिन्न गोष्टी आहेत, हें ज्याला उमगलें त्याचें अर्धें निदान झालेंच.

उरलेलें अर्धें शिस्तीनें होतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. बदलापूर्वींचें व नंतरचें माप वहींत टिपावें. सुधारणा झाली नाहीं तर यंत्र पूर्वस्थितीवर आणावें. एका बैठकींत चार ठिकाणीं सोल्डर फिरविणाऱ्याचें यंत्र कदाचित् सुधारतें, पण कशानें सुधारलें हें त्याला कळत नाहीं, आणि पुन्हां बिघडलें तर तो पहिल्या पायरीवरच उभा असतो. मापांची वही ठेवणाऱ्याला पुढच्या बिघाडाच्या वेळीं निरोगी स्थितीचे आंकडे हातीं असतात. त्यांच्याशीं ताडून पाहतां आजारी टप्पा थोड्या वेळांत उघडा पडतो.

ही तयारी शांततेच्या काळींच व्हावयास हवी. मोबाइलचे मनोरे कोसळले, म्हणजे मग चाळणी जुळवीत व रिले पुशीत बसण्यास कोणालाहि सवड मिळत नाहीं. एरिअल काढून व जोडून खरखर ऐकण्याची कसोटी दोन मिनिटांची आहे. ती महिन्यांतून एकदां घेणाऱ्या हौशी माणसाच्या घरीं, कोणत्या तरी दूरच्या बेटावरून अथवा खचलेल्या गांवांतून आलेला अगदीं बारीक आवाज, ऐकला जाण्याची खात्री बाळगूं शकतो.